कातालोनियातील शेतकऱ्यांची वाइनघरे

वाइनचा कारखाना पाहायला लोक तिकीट काढून जातात, असे सांगितले तर आपल्याकडच्या एखाद्या वडीलधाऱ्याला हसू येईल. कारखान्यात पाहायचे ते काय? पिंपे आणि टाक्या! पण स्पेन देशात आज खरोखरच तसे घडते. एल्सिएगो नावाच्या लहानशा गावात 2006 साली एका जुन्या वाइन कंपनीने फ्रँक गेहरी या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाकडून पाहुण्यांसाठी एक हॉटेल बांधून घेतले. त्याच्या छपरावर धातूचे गुलाबी, सोनेरी आणि रुपेरी पत्रे वाऱ्याने उडाल्यासारखे वळवून बसवले आहेत. जवळच्याच लाग्वार्दिया गावाबाहेर 2001 साली सांतियागो कालात्रावा यांनी एक वाइनघर उभारले. त्याचे छप्पर मागच्या डोंगररांगेसारखे लाटालाटांचे आहे. माणसे दुरून येतात, इमारत पाहतात, आत हिंडतात, आणि जाताना चार बाटल्या विकत घेतात. इमारत ही तिथे मालाची जाहिरातच झाली आहे म्हणा ना.

या झगमगीत इमारतींविषयी मात्र मी आज फारसे बोलणार नाही. त्याच स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कातालोनिया प्रांतात, शंभर वर्षांपूर्वी काही वाइनघरे बांधली गेली. ती बांधणाऱ्यांच्या मनात पाहुणा नव्हताच. बांधणारे होते दोन-चार एकरांचे शेतकरी. आज त्या इमारतींना लोक ‘वाइनची कॅथेड्रले’ म्हणतात; कॅथेड्रल म्हणजे ख्रिस्ती धर्मपीठाचे मोठे देऊळ. खेड्यातल्या कुणब्यांनी आपल्या मालासाठी देवळाएवढी इमारत का बांधावी, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय.

एक खुलासा आधीच केलेला बरा. ही दारूची भलामण नव्हे. भूमध्य समुद्राच्या काठचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या द्राक्ष पिकवतो ते मुख्यतः वाइनसाठी. त्याच्या दृष्टीने वाइन म्हणजे आपल्या उसाची साखर किंवा भुईमुगाचे तेल. त्याच नजरेने आपण तिकडे पाहू.

गोष्ट सुरू होते एका किड्यापासून. फिलॉक्सेरा हे त्याचे नाव. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा हा पिवळसर किडा वेलीच्या मुळांतला रस शोषतो आणि दोन-चार वर्षांत उभी बाग वाळते. तो अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर युरोपात शिरला. 1863 च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये वेली मरू लागल्या, आणि 1868 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला मुळांवर पकडले. फ्रान्सच्या बागा बसल्या तेव्हा शेजारच्या कातालोनियात मात्र दिवाळी होती. फ्रेंच व्यापारी येऊन पडेल त्या भावाने वाइन उचलत होते. डोंगरउतारावरची दगडी जमीन फोडून लोकांनी वेली लावल्या. शेजाऱ्याचे घर जळत असताना आपण शेकत बसावे, तसाच हा प्रकार. 1879 साली किडा सरहद्द ओलांडून कातालोनियात उतरला आणि पुढच्या वीस वर्षांत उत्तरेकडून दक्षिणेकडे सारा मुलूख त्याने पालथा घातला. तोपर्यंत फ्रान्सने आपल्या बागा पुन्हा उभ्या केल्या होत्या, आणि 1892 मध्ये परदेशी मालावर जबर जकातही बसवली. पीक गेले, आणि गिऱ्हाईकही गेले.

किड्यावर औषध सापडले ते अमेरिकेतच. तिथल्या रानवेलींच्या मुळांना हा किडा फारशी इजा करू शकत नाही. म्हणून खुंट अमेरिकन वेलीचा घ्यायचा आणि त्यावर आपल्या जातीचे कलम करायचे. नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांना हे सांगायला नको. आपल्याकडे क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई म्हणून ‘डॉगरिज’ खुंटावर कलमे करतात, तो खुंटही मूळचा अमेरिकनच. कारण निराळे, युक्ती एकच.

पण या कलमाने कातालोनियात एक मोठा सामाजिक घोटाळा करून ठेवला, आणि तो समजल्याशिवाय पुढच्या इमारती समजणार नाहीत. तिथे कुळाला जमीन देण्याची एक जुनी रीत होती. तिचे नाव ‘राबासा मोर्ता’, म्हणजे ‘मेलेला बुंधा’. मालकाने पडीक जमीन द्यायची, कुळाने ती फोडून वेली लावायच्या, आणि उत्पन्नाचा ठरलेला वाटा मालकाला घालायचा. मुदत किती? वेली जिवंत असतील तोवर. दोनतृतीयांश वेली मेल्या की करार संपला, जमीन मालकाची. आता कुळही काही कमी हुशार नव्हते. वेल म्हातारी झाली की तिची फांदी वाकवून मातीत पुरायची, तिला मुळे फुटली की नवी वेल तयार. आपल्याकडे ज्याला दाबकलम म्हणतात तेच हे. अशा रीतीने बाग कधी मरतच नसे, आणि बापाची जमीन मुलाकडे, मुलाची नातवाकडे चालत राही. मालक मनातून धुसफुसत, पण करारात बोट ठेवायला जागा नव्हती.

फिलॉक्सेराने ही सारी व्यवस्था एका फटक्यात मोडली. जुन्या वेली मेल्या, म्हणजे कागदोपत्री करार मेले. नव्या कलमी वेलीला दाबकलम करता येईना, कारण मातीत पुरलेल्या फांदीला फुटणारी मुळे जुन्या जातीची आणि किड्याला बळी पडणारी. शिवाय कलमी वेलीचे आयुष्य थोडे. पिढ्यांचे कूळ एकाएकी पंचवीस-तीस वर्षांचे भाडेकरू झाले. एवढासा किडा, पण जमीनदाराच्या वकिलाला जे शंभर वर्षांत साधले नाही ते त्याने करून दाखवले! या भांडणाचा धूर पुढे पुष्कळ वर्षे निघत राहिला. 1922 मध्ये कुळांची मोठी संघटना झाली. 1934 मध्ये कातालोनियाच्या विधिमंडळाने कुळांच्या बाजूचा कायदा केला आणि माद्रिदच्या न्यायासनाने तो रद्द ठरवला.

आता या शेतकऱ्याची दुसरी अडचण पाहा. तो द्राक्षे आपल्या घरीच तुडवी, घराखालच्या अंधाऱ्या तळघरात जुन्या पिंपांत रस आंबवी. जागा थोडी, पिंपे कळकट. थंडीचे महिने वाइन कशीबशी टिके. उन्हाळा लागला की तिचा शिरका होण्याची भीती. हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक. तो काय करी? वाट पाही. वाट पाहण्याची ऐपत त्याच्याजवळ होती, शेतकऱ्याजवळ नव्हती. सुगीच्या तोंडावर कांदा शेतात पडून असताना दलाल चहा पीत बसतो, ते दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

म्हणून शेतकऱ्याला हवे होते ते वाट पाहण्याचे साधन, असे ठिकाण की जिथे वाइन वर्ष-दीड वर्ष न बिघडता राहील. एकट्याच्याने ते होणे नव्हते. बार्बेरा दे ला कोंका या खेड्यात 1894 मध्ये शेतमजुरांनी आणि छोट्या शेतकऱ्यांनी संस्था काढली, आणि थोड्याच वर्षांत तिचे सामाईक वाइनघर झाले. 1906 साली स्पेनने शेतकरी-संघांचा कायदा केला, संघांना करांत सूट दिली, आणि गावोगाव संघ निघू लागले. सारेच काही गुण्यागोविंदाने झाले असे मात्र समजू नका. काही गावांत दोन-दोन संघ झाले, एक जमीनवाल्यांचा आणि एक गरिबांचा, आणि दोघांची वाइनघरे वेगळी. सहकार म्हटला की गट आले, हे काही आपल्याच मातीचे वैशिष्ट्य नव्हे.

लेस्प्लुगा दे फ्रांकोली या गावी 1913 मध्ये पेरे दोमेनेक या तरुण वास्तुशिल्पज्ञाने मोठे वाइनघर बांधले. आंजेल गिमेरा हे कातालान भाषेतले नामवंत नाटककार. त्यांनी ते पाहून ‘वाइनचे कॅथेड्रल’ असा शब्द काढला असे सांगतात. शब्द लोकांच्या तोंडी बसला. 1914 मध्ये कातालोनियाच्या चार जिल्ह्यांचे मिळून ‘मांकोमुनितात’ नावाचे संयुक्त मंडळ स्थापन झाले. त्याने शेतकी शिक्षण, सल्लागार आणि कर्जाची सोय यांवर भर दिला. पहिल्या महायुद्धात स्पेन तटस्थ होता. युद्धामुळे वाइनला भाव आला आणि संघांच्या गाठीला चार पैसे जमले. याच सुमारास सेसार मार्तिनेल हा माणूस पुढे आला.

मार्तिनेल यांचा जन्म 1888 चा, वाल्स या गावचा. म्हणजे द्राक्षाच्या मुलखातलाच माणूस. 1916 मध्ये ते वास्तुशास्त्राची परीक्षा उतरले. बार्सेलोनातील ‘साग्रादा फामिलिया’ या चर्चचे शिल्पकार आंतोनी गाउदी हे त्यांचे गुरुस्थान. 1918 मध्ये रोकाफोर्त दे केराल्त या खेड्याचे वाइनघर त्यांनी हाती घेतले, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत वाइनघरे, तेलघाणे, गिरण्या मिळून चाळीसच्या आसपास इमारती शेतकरी-संघांसाठी उभ्या केल्या. नुल्येस, फालसेत, गांदेसा, पिनेल दे ब्राय ही त्यांतली नावाजलेली गावे.

शिक्षक बंधुभगिनींनी पुढचा भाग जरा लक्ष देऊन ऐकावा, वर्गात करून दाखवण्यासारखा आहे. महायुद्धामुळे लोखंड महाग आणि दुर्मीळ झाले होते. मोठे छप्पर तोलायला लोखंडी तुळया घेणे खेड्याच्या संघाला परवडणारे नव्हते. वीट मात्र गावाजवळ भाजता येई. विटेचा गुण असा की ती दाब कितीही सोसते, पण ताण तिला सोसत नाही. तेव्हा कमान अशी हवी की तिच्या अंगात दाबाखेरीज दुसरे काही उरू नये. तो आकार काढायचा कसा? दोन खिळ्यांना एक साखळी सैल टांगा. ती आपोआप जो झोल घेते त्यात प्रत्येक कडी फक्त ताणलेली असते. तो झोल कागदावर रेखा आणि कागद उलटा धरा. ताणाच्या जागी दाब आला, आणि तीच तुमची कमान! हे तत्त्व सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने सांगितले होते, गाउदींनी साखळ्या टांगून त्याचे प्रयोग केले, आणि मार्तिनेलनी ते खेड्यात नेले. त्यांच्या वाइनघरात शिरले की अशा उंच, निमुळत्या विटांच्या कमानी एकीमागून एक दिसतात. भिंतींना जड टेकू नाहीत, मध्ये खांबांची गर्दी नाही. गांदेसाला तर त्यांनी लाकडी छप्परच टाळले आणि पातळ विटा आडव्या चिकटवून केलेले कातालान पद्धतीचे घुमट वर घातले. ही तिथल्या गवंड्यांची जुनी विद्या. विटांचे दोन-तीन थर झटपट धरणाऱ्या चुन्या-सिमेंटात बसवायचे, बहुतेक वेळा खाली लाकडी साचा न लावता.

उंची केवळ दिमाखासाठी नव्हती. द्राक्षाचा रस आंबताना तापतो. उष्णता 35 अंशांच्या पुढे गेली की आंबण बंद पडू लागते आणि माल बिघडतो. म्हणून गरम हवा वर जायला उंची हवी आणि बाहेर पडायला भिंतीत वर खिडक्या हव्यात. आंबताना कार्बन डायऑक्साइड वायूही सुटतो. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो आणि माणसाला गुदमरवतो. आपल्याकडे जुन्या पेवात उतरण्याआधी दिवा सोडून पाहतात, तेच संकट इथे. त्यासाठी खालच्या बाजूनेही वारा खेळता ठेवावा लागतो. लाकडी पिंपांच्या जागी मार्तिनेलनी सिमेंटच्या गोल टाक्या घेतल्या. गोल टाकीला चौकोनीपेक्षा माल कमी लागतो, कोपऱ्यात घाण साचत नाही, आणि दोन टाक्यांमधून हवा फिरून त्या थंड राहतात. थोडक्यात, आज पाहुणे ज्या कमानींकडे तोंड वर करून पाहत राहतात त्या काटकसरीतून आणि कामाच्या गरजेतून आलेल्या आहेत. मला तर यातच त्यांचे सौंदर्य वाटते. कुठे काही उगाच नाही.

उगाच म्हणण्यासारखे एकच आहे, आणि तेही सोडवत नाही. पिनेल दे ब्रायच्या वाइनघराच्या दर्शनी भिंतीवर रंगीत फरशांचा एक लांबलचक चित्रपट्टा आहे. झाविएर नोगेस या चित्रकाराने तो रेखला. द्राक्षांची तोडणी, ऑलिव्हची तोडणी, तेलाचा घाणा, शिकारी आणि अर्थात पिऊन झिंगलेली मंडळी! पिनेलला वाइनबरोबर तेलही निघे, म्हणून दोन्ही. खेड्याच्या गोदामावर असा खर्च कशाला, असे गावातल्या कोणी म्हटले असेल तर त्याला दोष देता येणार नाही. संघाचे पैसे संपले, आणि फरशा तयार असूनही त्या भिंतीवर चढल्या नाहीत. 1923 मध्ये स्पेनमध्ये लष्करी हुकूमशाही आली, 1925 मध्ये मांकोमुनितात मोडीत निघाले, बांधकामांचा जोर ओसरला. पुढे यादवी युद्ध. 1938 च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत एब्रो नदीची घनघोर लढाई याच मुलखात झाली, पिनेल आणि गांदेसा यांच्या मधल्या डोंगरांवर. या सगळ्यातून फरशा शाबूत राहिल्या आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस एकदाच्या जागेवर बसल्या. ज्यांच्यासाठी त्या काढल्या होत्या त्यांतल्या कित्येकांनी त्या भिंतीवर कधी पाहिल्याच नाहीत.

पुढची चाळीस-पन्नास वर्षे या इमारती आपले काम करत राहिल्या आणि कोणाला त्यांचे विशेष कौतुक नव्हते. 1973 मध्ये मार्तिनेल वारले. मग दिवस बदलले. खेड्यातली तरुण मंडळी शहरांत गेली, पोलादी टाक्या आल्या, लहान संघ मोठ्यांत मिसळले. काही वाइनघरांत वाइन करणे थांबले. नेमक्या याच वेळी शहरातला माणूस मोटार घेऊन खेड्याकडे पाहायला येऊ लागला. आता लेस्प्लुगाच्या वाइनघरात वाइनचे संग्रहालय आहे. गांदेसा आणि नुल्येसला वाइन करणे चालू आहे आणि मार्गदर्शक पाहुण्यांना आतून हिंडवतो. कमानी, टाक्या, मग चव, मग दुकान, असा क्रम. पिनेलची भिंत पाहायला तर मुद्दाम वाट वाकडी करून लोक जातात. याच प्रांतात कोदोर्निउ या बड्या कंपनीची 1895 ते 1915 मध्ये बांधलेली वाइनघरे आहेत, तीही कमानींची, तीही सुंदर, आणि तिथे पाहुण्यांना भुयारांतून छोट्या आगगाडीत बसवून नेतात. खेड्यातल्या संघाजवळ आगगाडी नाही. त्याच्याजवळ सांगायला गोष्ट आहे. ती म्हणजे ‘हे आमच्या आजोबांनी बांधले’.

या पाहुण्यांमुळे शेतकऱ्याचे भले होते का? माझे मत असे की होते, पण बेताने. दारात विकलेल्या बाटलीला मधला दलाल नसतो, हा खरा फायदा. जुने छप्पर दुरुस्त करायला कारण मिळते, सरकार वारसा म्हणून लक्ष घालते. पण पाहुणा सुट्टीच्या दिवशी येतो आणि द्राक्षे तर रोज वाढतात. संघाचा भार पाहुण्यांवर टाकून चालणार नाही, आणि शहाणे संघ तो टाकतही नाहीत.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखले. नाशिकजवळ सुला कंपनीने 2000 मध्ये पहिली वाइन काढली आणि 2005 मध्ये पाहुण्यांसाठी चव घेण्याचे दालन उघडले. आज नाशिकला लोक देवदर्शनाला येतात तसे द्राक्षांचे मळे आणि वाइनघरे पाहायलाही येतात. पण 2008 नंतरच्या मंदीत वाइनची मागणी पडली तेव्हा काय झाले, ते तिथल्या शेतकऱ्यांना आठवत असेल. कारखान्यांत साठा तुंबला, द्राक्षे घ्यायला कोणी तयार नाही, आणि वाइनच्या द्राक्षाला खायच्या बाजारात गिऱ्हाईक नाही. कित्येकांनी उभ्या बागा काढून टाकल्या. पाहुण्यांसाठीची दालने तेव्हाही होती. पण शेतकऱ्याच्या मालकीच्या टाक्या नव्हत्या.

उलट, जिथे साठवण शेतकऱ्याच्या हाती आली तिथली गोष्ट निराळी आहे. 1950 साली प्रवराकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. 1991 मध्ये ‘महाग्रेप्स’ने द्राक्षबागाईतदारांच्या सहकारी संस्था एकत्र आणल्या आणि शीतगृहांच्या बळावर माल परदेशी धाडला. तासगावचा शेतकरी आज बेदाणा शीतगृहात ठेवतो, पावती खिशात घालतो, आणि भाव पडला तर चार महिने थांबतो. पिनेलच्या शेतकऱ्याने कमानींखाली हेच केले होते. आपली शीतगृहे मात्र पत्र्याच्या चौकोनी पेट्या आहेत, आणि त्यांत कोणी तोंड वर करून पाहत उभे राहत नाही.

कोणा श्रोत्याचा कधी त्या मुलखात जाण्याचा योग आला तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जावे. तोडणीचे दिवस असतात. चालू वाइनघराच्या अंगणात सभासदांचे ट्रॅक्टर द्राक्षांनी भरलेल्या ट्रॉल्या घेऊन वजनकाट्यापाशी येतात, आणि पाहुण्यांनी बाजूला सरून त्यांना वाट द्यायची असते.